कमी आवकेच्या तेलविहिरीसाठी कृत्रिम उपसा: नवख्यांसाठी पायरीपायरीने

जगातल्या बहुतेक चालू तेलविहिरी स्वतःच्या जोरावर वाहत नाहीत. कुठल्या ना कुठल्या यंत्राने तेल वर आणावं लागतं, आणि त्यालाच कृत्रिम उपसा किंवा आर्टिफिशियल लिफ्ट म्हणतात. दिवसाला हजारो बॅरल देणाऱ्या विहिरीत यंत्राची निवड थोडी चुकली तरी निभावून जातं. दिवसाला वीस-तीस बॅरल देणाऱ्या विहिरीत तसं होत नाही. रिग, म्हणजे उचलण्याचा यंत्रमनोरा, लावून पंप बाहेर काढायचा आणि पुन्हा बसवायचा, म्हणजे एक वर्कओव्हर करायचा, तर अशा विहिरीची कित्येक महिन्यांची कमाई त्यातच जाते. म्हणून नवख्या माणसाने पहिल्या दिवसापासून एक गोष्ट मनावर घ्यावी: उपसा आवकेच्या मापाचा हवा. थर, म्हणजे तेल धरून ठेवणारा खडक, किती देतो ते आधी मोजायचं, यंत्राचा विचार त्यानंतर.

पुढे मी घनमीटर आणि बॅरल दोन्ही वापरले आहेत. १ बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर, आणि १ घनमीटर म्हणजे साधारण ६.३ बॅरल.

पायरी १: विहीर का वाहत नाही ते समजून घ्या

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. विहीर १५०० मीटर खोल आहे. थराचा दाब ९० किलो प्रति चौरस सेंटीमीटर आहे. तेल आणि पाण्याच्या मिश्रणाची घनता ०.९ धरली, तर दर मीटर उंचीच्या स्तंभाचा दाब ०.०९ किलो होतो. तळापासून तोंडापर्यंत द्रवाने भरलेला स्तंभ १३५ किलोचा दाब देईल. थराकडे ९० किलोच आहे. म्हणजे द्रव १००० मीटर वर चढेल आणि जमिनीखाली ५०० मीटरवर थांबेल. उरलेले ५०० मीटर आपल्याला चढवायचे आहेत.

पण काम तेवढंच नाही. द्रव ५०० मीटरवर स्थिर उभा असतो तेव्हा थरातून काहीच येत नाही, कारण दोन्हीकडचा दाब सारखा असतो. आवक हवी असेल तर पातळी त्याहून खाली ओढावी लागते. थराचा दाब आणि चालू विहिरीतला तळदाब यांतला फरक म्हणजे ड्रॉडाऊन. कृत्रिम उपशाचं खरं काम हा तळदाब उतरवणं आहे. तेल वर आणणं हा त्याचा दुसरा भाग.

पायरी २: मोजमाप, आणि त्यात घाई नको

यंत्र निवडण्याआधी पुढची माहिती हातात हवी: किमान चोवीस तासांची उत्पादन चाचणी (विहीर मंद असेल तर त्याहून लांब), चालू आणि बंद स्थितीतली द्रवपातळी, पाण्याचं प्रमाण म्हणजे वॉटर कट, तेलाबरोबर येणारा वायू, वाळू किती, मेण किती, आणि विहीर सरळ आहे की तिरपी.

यातलं सगळ्यात मोलाचं मोजमाप द्रवपातळीचं. केसिंग (विहिरीच्या भिंतीला बसवलेला बाहेरचा पोलादी नळ) आणि ट्यूबिंग (तेल वर आणणारी आतली नळी) यांच्यामधल्या पोकळीत वरून वायूच्या दाबाचा एक धक्का सोडतात. तो आवाज खाली जातो, ट्यूबिंगच्या प्रत्येक जोडावर थोडा परततो आणि द्रवावर आपटून जोरात परत येतो. मधले जोड मोजले की पातळी किती खोल आहे ते कळतं. विहिरीत काही उतरवावं लागत नाही, काही मिनिटांत काम होतं. कमी आवकेच्या विहिरीवर काम करणाऱ्याने हे कौशल्य इतर सगळ्यांच्या आधी शिकावं, असं मी आग्रहाने सांगेन.

इथे एक फसगत होते. पोकळीतल्या द्रवातून वायू बुडबुडत असेल तर स्तंभ फेसाळ आणि हलका होतो. पातळी वर दिसते, पण तळदाब प्रत्यक्षात कमी असतो. अशा वेळी केसिंगची झडप थोडा वेळ बंद करून दाब किती वेगाने चढतो ते पाहतात. त्यावरून वायूचं प्रमाण काढून पातळी दुरुस्त करतात. तळदाब काढताना केसिंगवरचा दाबही त्यात मिळवायला विसरू नका.

पायरी ३: आवकेचं गणित

आपल्या उदाहरणात चालू विहिरीची पातळी ९०० मीटरवर आहे आणि उत्पादन दिवसाला ३.६ घनमीटर आहे असं धरू. खाली ६०० मीटरचा स्तंभ उरतो, म्हणून तळदाब ५४ किलो. ड्रॉडाऊन ३६ किलो. ३.६ ला ३६ ने भागलं की उत्पादकता निर्देशांक मिळतो: दर किलो ड्रॉडाऊनमागे ०.१ घनमीटर.

आता पातळी १३०० मीटरपर्यंत उतरवली तर? तळदाब १८ किलो होईल, ड्रॉडाऊन ७२ किलो. सरळ गुणाकार केला तर ७.२ घनमीटर येतात. पण हा आकडा बहुतेक वेळा खोटा ठरतो. दाब एका मर्यादेखाली गेला की तेलात विरघळलेला वायू थरातच सुटू लागतो आणि तेलाची वाट अडवतो. व्होगेल यांनी १९६८ मध्ये यासाठी एक सोपं सूत्र दिलं. तळदाबाला थराच्या दाबाने भागून गुणोत्तर काढायचं. १ मधून त्या गुणोत्तराचा ०.२ पट आणि त्याच्या वर्गाचा ०.८ पट वजा करायचा. उरतो तो कमाल आवकेचा वाटा.

५४ भागिले ९० म्हणजे ०.६. सूत्रातून ०.५९२ येतं. म्हणून कमाल आवक ३.६ भागिले ०.५९२, म्हणजे सुमारे ६.१ घनमीटर. तळदाब १८ किलोवर आणला तर गुणोत्तर ०.२, वाटा ०.९२८, आवक ५.६ घनमीटर, म्हणजे सुमारे ३५ बॅरल.

६.१ आणि ५.६ हे दोन आकडे पुन्हा बघा. शेवटचे १८ किलो उतरवायला जी धडपड करावी लागेल, तिच्यातून दिवसाला अर्धा घनमीटरसुद्धा वाढणार नाही. उलट पंपापाशी द्रव कमी पडून तो वायू ओढू लागेल. या विहिरीसाठी ५.६ घनमीटर हे लक्ष्य योग्य आहे. सरळ गुणाकारावर भरवसा ठेवून ७ किंवा ९ घनमीटरचा पंप बसवला, तर तो अर्धा रिकामा चालेल आणि स्वतःला झिजवेल.

पायरी ४: विहीर तुंबलेली तर नाही ना?

थराचा दाब चांगला आहे, पातळी खाली ओढलेली आहे, तरी आवक नाही. असं दिसलं तर पंप बदलून उपयोग नाही. तेल आत येण्यासाठी केसिंगला पाडलेल्या भोकांवर क्षार जमले असतील, विहिरीजवळच्या खडकात मेण किंवा बारीक माती बसली असेल. आम्ल टाकून धुणं, गरम तेल किंवा द्रावक सोडणं, भोकं पुन्हा पाडणं हे त्यावरचे उपाय. शेजारच्या सारख्या विहिरींशी निर्देशांक ताडून पाहिला की शंका लगेच येते. ही पायरी गाळून थेट मोठा पंप मागवणं ही या क्षेत्रातली फार महागडी सवय आहे.

पायरी ५: पद्धत निवडा

*सकर रॉड पंप.* जमिनीवर डोकं वरखाली करणारं पंपिंग युनिट सगळ्यांनी चित्रात तरी पाहिलेलं असतं. खाली ट्यूबिंगच्या टोकाशी एक नळकांडं असतं, त्यात प्लंजर, म्हणजे वरखाली जाणारा दट्ट्या. नळकांड्याच्या तळाशी स्थिर झडप, प्लंजरमध्ये त्याच्याबरोबर वरखाली जाणारी फिरती झडप. दोन्हींत बैठकीवर बसणारा बॉल असतो. प्लंजर वर जातो तेव्हा फिरती झडप बंद होते, वरचा द्रव उचलला जातो, आणि स्थिर झडप उघडून खालून नवा द्रव आत येतो. खाली येताना उलट होतं. युनिट आणि प्लंजर यांना जोडते ती २५ फुटी पोलादी रॉडची माळ.

दिवसाला एक-दोन बॅरलपासून काही शे बॅरलपर्यंत ही पद्धत चालते. तळदाब अगदी कमी असला तरी चालते. सुटे भाग सगळीकडे मिळतात आणि बिघाड जमिनीवरूनच ओळखता येतो. कमी आवकेच्या विहिरीसाठी माझी पहिली पसंती हीच. दुसरी पद्धत घ्यायची तर तिला ठोस कारण हवं.

*पीसीपी, म्हणजे प्रोग्रेसिव्ह कॅव्हिटी पंप.* फ्रेंच अभियंते रेने मोइनो यांनी १९३० च्या सुमारास शोधलेलं हे तत्त्व. रबरासारख्या स्टेटरमध्ये, म्हणजे स्थिर नळीत, मळसूत्री धातूचा रोटर फिरतो आणि मधल्या बंद पोकळ्या द्रव वर सरकवत नेतात. झडपा नाहीत, त्यामुळे वाळू आणि दाट तेल यांना हा पंप चांगला पुरतो. वीजही कमी लागते. याचा कमकुवत भाग म्हणजे रबर. हलक्या तेलातल्या अरोमॅटिक (बेंझीनसारख्या) घटकांनी ते फुगतं, उष्णतेने खराब होतं, आणि पंप कोरडा चालला तर फार लवकर जळतं. कमी आवकेच्या विहिरीत कोरडं पडण्याचा धोका कायम असतो, म्हणून पातळीवर नजर आणि वेग बदलणारी मोटर या दोन्ही गोष्टी नसतील तर पीसीपी बसवू नका.

*प्लंजर लिफ्ट.* विहिरीत वायू भरपूर आणि द्रव थोडा असेल तर हिच्याइतकी स्वस्त पद्धत नाही. ट्यूबिंगमध्ये एक सुटा धातूचा दट्ट्या सोडतात. विहीर बंद केली की तो तळाशी पडतो, केसिंगमध्ये दाब साठतो. झडप उघडली की तो दाब दट्ट्याला आणि त्याच्यावरच्या द्रवाला वर फेकतो. बाहेरची ऊर्जा लागत नाही. अंदाजासाठी जुना ठोकताळा असा: दर १००० मीटर खोलीमागे, द्रवाच्या प्रत्येक घनमीटरला सुमारे २३० घनमीटर वायू हवा. आपल्या १५०० मीटरच्या विहिरीला सुमारे ३५०. दट्ट्या मिनिटाला साधारण २३० मीटर वेगाने वर यावा. फार हळू आला तर वायू बाजूने निसटतो, फार वेगाने आला तर तोंडावरचं साहित्य फोडतो.

*खंडित गॅस लिफ्ट.* दाबाखालचा वायू आधीच हाताशी असेल, म्हणजे कॉम्प्रेसर आणि वाहिनी दुसऱ्या विहिरींसाठी असतीलच, तर विचार करावा. कमी आवकेच्या विहिरीत सतत वायू सोडणं वाया जातं. द्रव साठू द्यायचा आणि ठरावीक वेळाने एकदम वायू सोडून तो घोट वर फेकायचा. एकट्या विहिरीसाठी कॉम्प्रेसर विकत घेणं मला पटत नाही.

*जेट पंप.* हलता भाग एकही नाही, वाकड्या विहिरीत चालतो. पण ऊर्जेतली वीस-तीस टक्केच कामी येते आणि तळदाब फार उतरला की नीट चालत नाही. थोड्या मुदतीच्या चाचणीसाठी ठीक.

*ईएसपी, म्हणजे विजेवरचा बुडीत पंप.* आर्माइस अरुतुनॉफ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विकसित केलेलं हे यंत्र मोठ्या विहिरींचा राजा आहे. आपल्या विहिरीत ते का नको याचं उत्तर एका आकड्यात आहे. त्याची मोटर बाजूने वाहणाऱ्या द्रवाने थंड होते आणि त्यासाठी सेकंदाला सुमारे ०.३ मीटर वेग लागतो. साडेपाच इंची केसिंगमध्ये नेहमीच्या मापाची मोटर आणि ५.६ घनमीटर आवक असेल तर हा वेग सुमारे ०.०४ मीटर भरतो. मोटर तापून जळणार हे नक्की.

दिवसाला बॅरल-दोन बॅरलच येत असतील तर कायमचं यंत्र न बसवता अधूनमधून स्वॅबिंग करून, म्हणजे तारेवर रबरी दट्ट्या सोडून, तेल ओढून घेणंही शहाणपणाचं ठरतं.

पायरी ६: रॉड पंपाचं माप ठरवा

लक्ष्य ५.६ घनमीटर. सव्वा इंची पंप (हा प्लंजरचा व्यास) घेऊ. जमिनीवर १.३७ मीटरचा स्ट्रोक, म्हणजे एका फेऱ्यातली उचल, दिला, तर भाराने रॉड ताणले जाऊन तळाशी साधारण १.२ मीटरच मिळतो. मिनिटाला ६ स्ट्रोक धरले तर दिवसाला सुमारे ८.२ घनमीटर कागदावर येतात. वायू आणि गळती वजा जाता ७० टक्के हाती लागले, तर ५.७. माप जुळलं.

पावणेदोन इंची पंप घेतला असता तर विस्थापन जवळजवळ दुप्पट झालं असतं, आणि भारही. पातळी १३०० मीटरवर असताना सव्वा इंची प्लंजरवर द्रवाचा भार सुमारे ९२५ किलो येतो. पावणेदोन इंचीवर १८०० किलोच्या वर. तेवढ्याच तेलासाठी रॉडवर जवळपास दुप्पट ओझं कशासाठी? लहान पंप, लांब स्ट्रोक, कमी वेग हे सूत्र इथे बहुतेक वेळा बरोबर ठरतं. रॉडचा थकवा प्रत्येक फेऱ्याबरोबर साठत जातो आणि मिनिटाला ६ म्हणजे वर्षाला तीस लाखांहून जास्त फेरे होतात.

पाऊण इंची आणि पाच अष्टमांश इंची रॉडची मिश्र माळ घेतली तर तिचं वजन अडीच ते तीन टन. द्रवाचा भार आणि हालचालीचा धक्का मिळवून वरचा भार चार टनांच्या आसपास जातो. आता युनिटच्या नावाची पाटी वाचायला शिका. सी-८०डी-११९-६४ असं लिहिलेलं असेल तर सी म्हणजे पारंपरिक रचना, ८० म्हणजे गिअरबॉक्सची ताकद ८० हजार इंच-पौंड, डी म्हणजे दुहेरी गिअर, ११९ म्हणजे कमाल भार ११,९०० पौंड, ६४ म्हणजे कमाल स्ट्रोक ६४ इंच. ११,९०० पौंड म्हणजे ५.४ टन. आपली विहीर भारात बसते. गिअरबॉक्सवरचा पीळ मात्र वेगळा तपासावा लागतो.

पायरी ७: बसवताना

भोकांच्या खाली केसिंगमध्ये मोकळी जागा असेल तर पंपाचं तोंड तिथे न्या. वायू आपोआप वर निघून जातो आणि द्रव खाली उतरतो. याहून चांगला वायू-विभाजक विकत मिळत नाही. जागा नसेल तर पंपाखाली गॅस अँकर, म्हणजे वायू वेगळा करणारी नळी, लावा, आणि केसिंगची वायूची वाट उघडी ठेवा. ट्यूबिंगला केसिंगशी धरून ठेवणारा ट्यूबिंग अँकर लावला तर ट्यूबिंग प्रत्येक स्ट्रोकला ताणली-आखडली जात नाही, स्ट्रोक वाया जात नाही, आणि रॉड-ट्यूबिंगचं घर्षण कमी होतं. तिरप्या विहिरीत रॉड ट्यूबिंगला घासू नयेत म्हणून त्यांच्यावर गाइड बसवा.

प्लंजर आणि स्थिर झडप यांच्यातलं अंतर कमीत कमी ठेवा, पण आदळणार नाही इतकं. अंतर जास्त राहिलं तर त्या जागेत वायू अडकून नुसता दबतो-फुगतो, झडपा उघडतच नाहीत. यालाच गॅस लॉक म्हणतात.

सुरक्षेच्या बाबतीत थोडक्यात पण ठामपणे: युनिटवर हात घालण्याआधी ब्रेक लावा, क्रँक (युनिटला हलवणारा फिरता दांडा) यांत्रिक खिळीने अडवा, वीज तोडून कुलूप लावा. पीसीपी बंद केला की पिळलेल्या रॉडमध्ये साठलेला जोर त्यांना उलट दिशेने भयानक वेगाने फिरवू शकतो, त्यामुळे ड्राइव्ह हेडचा, म्हणजे जमिनीवरून रॉड फिरवणाऱ्या यंत्राचा, ब्रेक तपासल्याशिवाय जवळ जाऊ नका. हायड्रोजन सल्फाइड असलेल्या विहिरीवर वासावर विसंबू नका. जास्त प्रमाणात तो वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. मापक यंत्र अंगावर हवंच.

पायरी ८: चालू केल्यावर विहीर वाचत राहा

पहिले काही दिवस रोज उत्पादन आणि पातळी मोजा. पातळी स्थिर झाली की डायनॅमोमीटर लावून कार्ड काढा. रॉडवरचा भार आणि रॉडची जागा यांचा हा आलेख. १९६० च्या दशकात सॅम गिब्ज यांनी तरंग समीकरण वापरून वरच्या कार्डावरून तळाच्या पंपाचं कार्ड काढण्याची रीत दाखवली. आज ते संगणकावर लगेच मिळतं.

पंप भरलेला असेल तर तळाचं कार्ड चौकोनाच्या जवळ जातं. खाली येताना भार काही अंतर तसाच राहून मग एकदम कोसळला, तर पंप अर्धा रिकामा आहे आणि प्लंजर द्रवावर आपटतोय. हा फ्लुइड पाउंड, रॉड तोडणारा मुख्य शत्रू. भार हळूहळू वळण घेत उतरला तर पंपात वायू शिरतोय. या दोन आकृत्या नजरेत बसल्या की अर्धं काम शिकल्यासारखं आहे, कारण दोन्हींचे उपाय वेगळे. पहिल्यात वेग किंवा वेळ कमी करायचा, दुसऱ्यात पंप खाली न्यायचा किंवा विभाजक सुधारायचा.

उपसा आवकेपेक्षा जास्त असेल तर टायमर किंवा पंप-ऑफ कंट्रोलर (पंप रिकामा पडू लागला की थांबवणारं यंत्र) लावून विहीर थांबवत चालवतात. किती वेळ थांबवायची याचा हिशेब सोपा आहे. साडेपाच इंची केसिंग आणि पावणेतीनपेक्षा किंचित मोठी, २⅞ इंची ट्यूबिंग यांच्यामधल्या पोकळीत दर मीटरला सुमारे ८ लिटर मावतात. ५.६ घनमीटर आवकेने पातळी तासाला सुमारे ३० मीटर चढते, म्हणजे तळदाब पावणेतीन किलोने वाढतो. तासभर थांबल्याने फारसं बिघडत नाही. रात्रभर थांबलात तर ड्रॉडाऊनचा मोठा भाग हातचा जातो आणि तितकी आवक कायमची बुडते. म्हणून थांबे छोटे आणि वारंवार असावेत. दिवसा माणूस हजर असतो म्हणून दिवसा चालू, रात्री बंद, अशी सोयीची पद्धत या विहिरींना मारक आहे.

मोटरचा अँपिअर वर जाताना आणि खाली येताना सारखा आहे का ते दर महिन्याला पाहा. फरक पडला असेल तर क्रँकवरची वजनं सरकवा. असंतुलित युनिट वीज खातं आणि गिअरबॉक्स झिजवतं. मेण जमणाऱ्या विहिरीत गरम तेल किंवा स्क्रेपर यांचं वेळापत्रक ठरवा. मेणाने रॉड जड झाल्याचं कार्डावरही दिसतं.

आणि प्रत्येक बिघाडाची नोंद ठेवा: कोणता रॉड, किती खोलीवर, जोडात तुटला की अंगात, गंज होता की घासलेलं होतं. एकाच खोलीवर दोनदा तुटलं तर तिसरा रॉड बसवण्याआधी कारण शोधा.

पायरी ९: हिशेब

दर विहिरीचा उपसा खर्च वेगळा काढा: वीज, रसायनं, माणसांचा वेळ, पाण्याची विल्हेवाट, आणि वर्षभरातल्या वर्कओव्हरचा वाटा. वॉटर कट ९० टक्के असेल तर एक घनमीटर तेलासाठी नऊ घनमीटर पाणी उचलायचं आणि कुठेतरी जिरवायचं असतं. अशा विहिरीत वीज आणि पाणी हेच खर्चाचे मोठे धनी. पाणी नेमकं कुठल्या भोकांतून येतं ते शोधून ती बंद करता आली, तर पंप न बदलताच हिशेब सुधारतो.

खर्च उत्पन्नाच्या वर गेला तर विहीर थांबवा, पण उघडी सोडू नका. पुन्हा चालू करायची असेल तर पंप बाहेर काढून केसिंगमध्ये गंजरोधक द्रव भरा आणि दाबावर लक्ष ठेवा. चालू करायची नसेल तर स्थानिक नियमांप्रमाणे सिमेंटचे बूच मारून कायमची बंद करा. केसिंग गंजून तेल-वायू वरच्या भूजलात शिरला तर त्याची दुरुस्ती विहिरीच्या सगळ्या कमाईपेक्षा जास्त पडू शकते, त्यामुळे बूच मारण्याचा खर्च विहीर चालू असतानाच बाजूला काढून ठेवा.